काळ्या रानातली देवघेव

धाराशिव जिल्ह्यात शेतकऱ्यांशी मातीवर बोलायला बसले की पहिला प्रश्न येतो कोणते खत घालायचे, आणि दुसरा, किती घालायचे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांच्या आधीचा एक प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. घातलेले खत, गळालेला पाला, जमिनीत राहिलेली मुळे, उकंड्यावरून आणलेले शेणखत, हे सगळे पिकाला घेता येईल अशा रूपात आणून देतो कोण? पीक शेण खात नाही, पाला खात नाही. त्याला पाण्यात विरघळलेला नायट्रेट हवा, अमोनियम हवा, स्फुरद हवा. हे रूपांतर मातीतले जिवाणू, बुरशी, ॲक्टिनोमायसिट्स आणि त्यांना खाऊन जगणारे सूक्ष्म प्राणी करतात. या पुस्तकाचा विषय ते आहेत. आणि त्यातही ते एकेकटे काय करतात यापेक्षा एकमेकांशी कसे वागतात, हा आहे.

हा भर मुद्दाम दिला आहे. बाजारात एकेका जिवाणूची बाटली मिळते. नत्रासाठी एक, स्फुरदासाठी एक, पालाशासाठी एक. त्यामुळे असा समज झाला की मातीत कामगार कमी पडले, तर विकत आणून सोडावेत. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक प्रयोगशाळेच्या बशीत वाढतही नाहीत; त्याचे एक कारण, त्यांतले अनेक शेजाऱ्यांवाचून जगू शकत नाहीत. एकाने टाकलेले दुसऱ्याचे अन्न असते. साधे उदाहरण नायट्रेटचे. अमोनियमपासून नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटपासून नायट्रेट करणारे वेगळे, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवून दिले. युरियाची गोणी रानात पडली की आधी युरिया फोडणारे, मग हे पहिले, मग हे दुसरे, अशी साखळी लागते तेव्हा ते नत्र नायट्रेट होऊन पिकाला मिळते. एक कडी मंदावली तर सगळे अडते.

केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आणली. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी मोजून दिलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. पत्रिका उपयोगी आहे, प्रत्येकाने काढून घ्यावी. पण त्या बारांत जिवंत असे एकही नाही. सेंद्रिय कर्बाचा आकडा तेवढा त्या जिवांच्या शिध्याची कल्पना देतो. म्हणून पत्रिका हातात आली की सर्वांत आधी तोच आकडा वाचावा, असे मी सांगतो.

आपल्या जमिनीबद्दल एक मोठा गैरसमज इथेच काढून टाकला पाहिजे. काळा रंग म्हणजे कर्ब नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट झिजून ही माती झाली. तिचा काळेपणा मुख्यत: त्या खडकातल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्यूमसचा आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी काळ्याभोर रानांत सेंद्रिय कर्ब शेकडा अर्ध्याच्याही खाली आहे. तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या उतारावर हलकी मुरमाड जमीन, उमरगा-लोहाऱ्याकडे आणि मांजरा, तेरणा, सीना यांच्या काठी खोल काळी, असे तिचे प्रकार अनेक. पण उन्हाळा सगळ्यांवर सारखाच तापतो. एप्रिल-मेमध्ये उघड्या रानाचा वरचा थर इतका तापतो आणि वाळतो, की त्यातले बरेचसे जीव मरतात, उरलेले बीजाणू होऊन निपचित पडतात. कमी पाऊस, लांब उन्हाळा आणि रानात परत न जाणारा काडीकचरा, या तिन्हींमुळे इथला कर्ब टिकत नाही. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत.

हिशेब मांडून पाहू. एकरभर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण ९ लाख किलो माती असते. कर्ब अर्धा टक्का धरला तर ४५०० किलो कर्ब, आणि त्याच्यासोबत बांधलेले नत्र ४०० किलोंच्या आसपास. नत्राचा साठा लहान नाही. पण तो कुलुपबंद आहे, आणि जिवाणू वर्षाला त्यातला शेकडा एक ते तीन इतकाच मोकळा करतात, म्हणजे ४ ते १२ किलो. आता सोयाबीन घ्या. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या घरात प्रथिने असतात, म्हणजे एका क्विंटलमागे सव्वासहा किलोंहून थोडे जास्त नत्र. एकरी ८ क्विंटल उतारा आला, तर दाण्यांबरोबर पन्नासेक किलो नत्र बाजारात जाते. मुळांवरच्या गाठींनी त्यातले निम्मे किंवा थोडे अधिक हवेतून आणून दिले, तरी वीस-पंचवीस किलो उरतातच. शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची, म्हणजे एकरी १२. आणि दिलेले सगळे पिकाला लागत नाही. बाकीचे मातीने दिले. वर गुळीही, म्हणजे मळणीतला भुसाही, रानाबाहेर गेली, तर तूट आणखी वाढते. शेंगवर्गीय पीक घेतले की जमीन सुधारते, हे तूर-हरभऱ्याच्या जुन्या अनुभवावरचे बोलणे सोयाबीनला जसेच्या तसे लावता येत नाही. सोयाबीनवर सोयाबीन घेत गेलेल्या आपल्या तालुक्यांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते.

गाठीही आपोआप काम करत नाहीत. सोयाबीन बाहेरून आलेले पीक. त्याच्या मुळांवर गाठी करणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू इथल्या मातीत मुळात पुरेसे नव्हते, म्हणून बियाण्याला जिवाणू खत चोळावे लागते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम चुकला तर जिवाणू बियाण्यावरच मरतात. पीक फुलात असताना एक झाड हलक्या हाताने खणून गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी दिसली तर ती नत्र बांधते आहे. हिरवट किंवा पांढरी निघाली तर ती नुसती आहे. आणि हे नत्र बांधायला स्फुरद भरपूर लागतो. तो आणून देण्यात मुळांशी भागीदारी करणारी मायकोरायझा बुरशी मोठा वाटा उचलते. तिचे तंतू मुळांच्या केसांना शिरता येत नाही अशा फटींतून जातात. पण सेंद्रिय रूपात अडकलेला स्फुरद सोडवण्याची ताकद या बुरशीत फारशी नाही. म्हणून ती आपल्या तंतूंवरून साखर पाझरवते, त्यावर काही जिवाणू पोसले जातात आणि ते तिच्यासाठी स्फुरद मोकळा करतात. झाड, गाठीतला जिवाणू, बुरशी आणि बुरशीचे जिवाणू, असे चौघे मिळून एक शेंग भरतात.

कुजण्याची गोष्ट मात्र सर्वांत सविस्तर सांगायला हवी, कारण नुकसान तिथेच होते आणि दोष भलत्यालाच दिला जातो. शेणखत नीट कुजलेले नसताना रानात घातले किंवा पाचट गाडले, की पुढचे पीक पिवळे पडते. मग शेतकरी म्हणतो, काडीकचऱ्याने जमीन नासते, त्यापेक्षा पेटवलेला बरा. खरे कारण असे. जिवाणूंच्या शरीरात साधारण पाच ते आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असते. उसाच्या पाचटात शंभराच्या आसपास भाग कर्बाला एक भाग नत्र. पाचट खायला मिळाले की जिवाणू भराभर वाढतात, पण शरीर बांधायला लागणारे नत्र पाचटात नसते, म्हणून ते मातीतून उचलतात. पिकाच्या वाट्याला काही दिवस काही उरत नाही. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो, तशीच ही उचल. हंगामभर ती फिटत जाते. पाचट संपत आले की जिवाणू उपाशी मरतात, त्यांच्या शरीरातले नत्र मोकळे होते, आणि तेच पुढे पिकाला मिळते. ऊस संशोधनाची जुनी शिफारस याच हिशेबावर उभी आहे: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. यातला युरिया पिकासाठी नाही, तो कुजवणाऱ्यांसाठी आहे. परंडा, कळंब, ढोकी भागात जिथे ऊस आहे तिथे हे एवढे समजले, तरी पाचटाला काडी लावण्याचे कारण उरत नाही.

हा हिशेब आपल्यासारख्याच काळ्या जमिनीवर, आणि एका मराठी माणसाच्या हातून, नीट मांडला गेला हे फार थोड्यांना ठाऊक आहे. इंदूरला १९२४ साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पाला, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांपासून खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली आणि हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक ठरले. रासायनिक पृथक्करणाची बाजू वाड यांची होती. ढिगात सुरुवातीला तेहतीस भाग कर्बाला एक भाग नत्र असावे, असे त्यांचे प्रमाण होते. ढिगात आधी बुरशीचा अंमल असतो आणि नंतर जिवाणूंचा, हेही त्यांनी नोंदवले. बुरशी कठीण काडी फोडते, मग जिवाणूंना आत शिरता येते. मराठी शेतीवाङ्मयात यशवंत वाडांचे नाव ठळक असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

कुजवणारे खातात, आणि कुजवणाऱ्यांनाही कोणीतरी खाते. अमिबासारखे एकपेशीय जीव आणि डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी जिवाणूंवर चरतात. जिवाणूत नत्र जास्त, या चरणाऱ्यांच्या शरीरात त्या मानाने कमी. जास्तीचे नत्र ते अमोनियमच्या रूपात टाकून देतात, तेही मुळाच्या अगदी शेजारी, कारण मुळाच्या पाझरावर जमलेले जिवाणू तिथेच असतात. सूत्रकृमी म्हटले की आपल्याला मुळांवर गाठी करणारी कीड आठवते. पण मातीतले कितीतरी सूत्रकृमी निरुपद्रवी आहेत आणि नत्राच्या वाटपात त्यांचा हात आहे. सरसकट सूत्रकृमीनाशक ओतले की तेही जातात.

आता पहिला पाऊस. रोहिणी-मृगाचा शिडकावा झाला की सुटणारा वास सगळ्यांनाच आवडतो. त्या वासातला मोठा भाग स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की या वासाकडे मातीतले उड्या मारणारे बारीक जीव ओढले जातात, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट १९५८ साली एच. एफ. बर्च यांनी केनियातल्या मातीवर काम करताना दाखवली. खूप वाळलेली माती ओली झाली की काही दिवस तिच्यातून कर्बवायू आणि नत्र एकदम उसळी मारून बाहेर पडतात. उन्हाळ्यात मेलेल्या जिवांची शरीरे, त्यांनी पेशींत साठवलेली द्रव्ये आणि ढेकळे फुटून उघडा पडलेला कर्ब, यांवर जागे झालेले जिवाणू तुटून पडतात. आपल्याकडे ही उसळी दरवर्षी येते, आणि त्या वेळी रानात पीक नसते. पेरणी व्हायची असते, किंवा कोंब नुकताच वर आलेला असतो. पुढच्या जोराच्या पावसात ते नायट्रेट खाली झिरपते. खोल काळ्या रानात पाणी तुंबले तर हवा संपते, आणि मग हवेवाचून जगणारे दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करून आकाशात सोडतात. वापसा आल्यावरच रानात जावे हे वडिलधाऱ्यांचे सांगणे या दृष्टीनेही अचूक आहे. वापशावर माती भुसभुशीत असते, पाणी आणि हवा दोन्ही असतात, आणि कुजवणारे सर्वांत जोमात असतात. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की हवेच्या जागा दाबल्या जातात. त्या मोकळ्या व्हायला एक हंगामही पुरत नाही.

नांगरटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दरवर्षी खोल नांगरट करण्याची गरज आपल्या बहुतेक रानांना नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची भुकटी भेगांत पडते, आणि ती आपली आपण उलथत राहते. नांगर बुरशीचे तंतू तोडतो आणि ढेकळांत सुरक्षित असलेला कर्ब जिवाणूंपुढे उघडा टाकतो. पहिल्या वर्षी पीक जोरदार दिसते, कारण साठा मोडला जातो. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने मराठवाड्यात विनानांगरणीची पद्धत काही शेतकऱ्यांपर्यंत नेली. मूळची ती नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रुजवलेली. तिचा गाभा एवढाच, की पीक कापायचे आणि मुळे जागीच कुजू द्यायची. तणांचा प्रश्न तिथे खरा आहे, तणनाशकावर भिस्त वाढते, आणि पुस्तकात ही अडचण लपवलेली नाही. रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान पड ठेवण्याच्या आपल्या जुन्या रीतीकडेही नव्याने पाहावे लागेल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत रान फार काळ रिकामे ठेवले, तर मायकोरायझा घटते आणि पुढच्या पिकाला स्फुरद व जस्त कमी पडते, असे १९८०च्या दशकात आढळले. आपली पड तेवढी लांब नसते. तरी जिथे पाऊस साथ देतो तिथे मूग-उडीद घेऊन मग ज्वारी पेरली, तर बुरशीला आधार मिळतो.

मातीत भांडणेही आहेत, आणि त्यांचा आपल्याला फायदा होतो. हरभऱ्याचा आणि तुरीचा मर रोग फ्युजॅरियम बुरशीमुळे येतो, ज्वारीचा खडखड्या आणखी एका बुरशीमुळे. ट्रायकोडर्मा ही दुसरी एक बुरशी या रोगकारक बुरशींना वेटोळे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि खाते. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढले; त्या जिवाणूला पिंपरीवरूनच पिंप्रिना हे नाव मिळाले. जिवाणूचे ते शस्त्र होते, माणसाने ते औषध केले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे अशाच अनेक उपयोगी जिवांचे मिश्रण आहे आणि मराठवाड्यात त्याला चांगली मागणी आहे. एकट्या जिवाणूऐवजी समुदाय द्यावा, ही त्यामागची दिशा मला योग्य वाटते.

पण मिश्रण असो की जीवामृत, उपाशी रानात ते फार दिवस टिकत नाही. सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. त्यातल्या नत्राची बेरीज केली तर अर्धा किलोही भरत नाही. ते खत नाही, विरजण आहे असे त्यांचे अनुयायीच सांगतात. मग विरजण लावायला रानात काही हवे. पाळेकरांनी स्वत: आच्छादन आणि वापसा यांना जीवामृताइतकेच महत्त्व दिले आहे. आपण ड्रम उचलला आणि आच्छादन सोडून दिले.

जिल्ह्यातला काडीकचरा जातो कुठे, हे प्रत्येक गावाने बसून मोजण्यासारखे आहे. कडबा जनावरांना जातो, ते योग्यच. तुराट्या चुलीत जातात. सोयाबीनची गुळी विकली जाते किंवा खळ्यावरच पेटते. शेणाच्या गोवऱ्या होतात. बैल कमी झाले, तसे शेणखतही. भूम भागात खव्याच्या धंद्यामुळे दुभती जनावरे आहेत, तिथली स्थिती त्यातल्या त्यात बरी. शेळ्यांच्या लेंड्या आणि रानात बसवलेली मेंढरे यांचे मोलही आपण विसरत चाललो. दुसऱ्या बाजूला एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या महिलांनी एक एकराचा प्रयोग केला. घरच्या जमिनीतला एखादा तुकडा मागून घ्यायचा, त्यात अनेक पिके एकत्र घ्यायची, शेणखत आणि गांडूळखत घालायचे, आधी घर खाऊ घालायचे. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. अनेक पिके म्हणजे अनेक प्रकारची मुळे, अनेक प्रकारचा पाझर, आणि मातीत अनेक प्रकारचे जीव. त्या महिलांनी घरच्या ताटाचा विचार करून जे केले, तेच मातीच्या दृष्टीनेही बरोबर होते.

पुढची प्रकरणे सलग वाचायची गरज नाही. ऊसवाल्यांनी पाचटाचे, कोरडवाहूवाल्यांनी पावसाचे आणि बियाणे राखणाऱ्यांनी गाठींचे प्रकरण आधी वाचावे. शाळेतल्या शिक्षकांनी प्रयोगांचे. एक प्रयोग मात्र वाचण्याआधीच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. जुन्या निखळ सुती धोतराचे किंवा साडीचे सारख्या मापाचे तीन तुकडे घ्या. मृगाचा पाऊस झाल्यावर एक पिकाच्या रानात, एक बांधाच्या गवतात आणि एक जुन्या झाडाखाली, वीतभर खोल पुरून खुणेची काठी रोवा. दोन महिन्यांनी तिन्ही काढून शेजारी शेजारी ठेवा. जिथले कापड सर्वांत जास्त कुजले असेल, तिथली माती जिवंत आहे. आणि पिकाच्या रानातले कापड जसेच्या तसे निघाले, तर यंदाची गुळी विकू नका, रानातच पसरा.